पात्यांवरचं झाकण

प्रश्न तसा साधाच होता, आणि विचारणारीच्या मनात काही वाकडंतिकडं नव्हतं. वर्गातली सगळ्यात वयस्कर विद्यार्थिनी, अडतीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेली नर्स, पुस्तकांचं कपाट स्वतःच्या हातांनी करायचं म्हणून सुतारकाम शिकायला आली होती. तिला सगळं वहीत टिपून घ्यायची सवय. वहीवरून मान वर न करता तिने विचारलं, "बाई, तुमच्या भावाची बोटं गेली तेव्हा ते झाकण कुठे होतं?" बाकीचे पाच जण रंधा मारायच्या मशीनभोवती अर्धगोल करून उभे होते, कुणाचं लक्ष मशीनकडे, कुणाचं घड्याळाकडे. मशीन बंद होतं. शिकवणारीचा हात मशीनच्या पलीकडच्या टेबलावर, थंडगार लोखंडावर होता, तो तसाच राहिला. वीस वर्षं ती प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट सांगत आली होती. वर्षाला चार तुकड्या, म्हणजे ऐंशी वेळा तरी झाली असेल, आणि ऐंशी वेळांत हा प्रश्न कुणालाही पडला नव्हता. लोक बोटांपाशीच अडकायचे. किती गेली, कुठली गेली, परत जोडता नाही का आली, एवढं विचारायचे आणि मग गुपचूप आपापल्या बोटांकडे बघायचे. तिला तेवढंच हवं असायचं. "जागेवरच होतं," ती म्हणाली, आणि आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. जागेवर होतं आणि तरीही बोटं गेली, असं कसं, हे नर्सबाईंना कळेना. मग तिने समजावून सांगितलं की तुकडा आखूड होता. झाकण लाकडाच्या रेट्याने बाजूला सरकतं आणि लाकूड पुढे गेलं की स्प्रिंगने परत येतं. पण आखूड तुकड्याच्या मागे कुणी बोटं वळवून धरली तर झाकण परत यायच्या आत बोटं पात्यांवर जातात. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. असं होऊ शकतं, पुष्कळांचं झालंही आहे. नर्सबाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. मोठं गोल अक्षर होतं, उलट्या बाजूनेही वाचता येत होतं. झाकणाच्या भरवशावर राहू नये. झाकणाचा तितकासा उपयोग नाही. दुसऱ्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली.

ते वाक्य खोडा, असं तिने तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. पण हातांनी आपला धडा पुढे चालू केला. हातांना काय, त्यांना पाठ होतं. हे मशीन म्हणजे रंधाच, फक्त उलटा. हातातला रंधा लाकडावरून फिरतो, इथे लाकूड रंध्यावरून जातं. कंबरेइतक्या उंचीची दोन लोखंडी टेबलं एका ओळीत, मधे बोटभर फट, फटीत तीन पात्यांचा रूळ गरगर फिरणारा. अलीकडचं टेबल पलीकडच्यापेक्षा किंचित खाली असतं, आणि जेवढं खाली तेवढंच लाकूड एका फेऱ्यात निघतं. मिलिमीटरभर पुरे, त्याहून जास्त हाव करायची नाही. पलीकडचं टेबल मात्र पात्यांच्या बरोबरीत हवं. ते कसं बघायचं, तर वीज काढून घ्यायची, त्या टेबलावर एक सरळ काठी ठेवायची आणि रूळ हाताने फिरवायचा. पात्याने काठीला नुसतं चाटून दोनतीन मिलिमीटर पुढे न्यायला हवं. अजिबात नेलं नाही तर टेबल उंच आहे, लांब ओढून नेलं तर खाली. टेबल खाली राहिलं की फळीचं शेवटचं टोक पात्यांत बुडतं आणि तिथे खड्डा पडतो. हे सगळं ती बोलत होती, काठी ठेवत होती, रूळ फिरवत होती, आणि सगळा वेळ तिला नर्सबाईंच्या वहीतली ती रेघ दिसत होती. जेवायच्या सुट्टीत डबा तिने उघडलाही नाही, तसाच परत नेला.

काठीची ही युक्ती बाबांची. तिचे वडील सुतार होते, स्वतःचा कारखाना होता, म्हणजे मागच्या अंगणात पत्रे टाकून केलेली एक लांबट खोली, पण बाबा तिला कारखानाच म्हणायचे. मुलगी आणि मुलगा असा भेद त्यांनी कामात कधी केला नाही, रागावण्यात थोडा केला असेल. तिला आणि धाकट्या भावाला, त्याला सगळे बारक्या म्हणायचे, त्यांनी या मशीनपाशी पहिला महिनाभर ते सुरूच करू दिलं नव्हतं. बंद मशीनवरून फळी न्यायची आणि आणायची. फळीची खोलगट बाजू खाली. लाकडातल्या रेषा कुठल्या दिशेने चढतात ते बघून मगच तोंड फिरवायचं, नाहीतर पाती लाकूड उचकटतात. डावा हात पुढे, उजवा मागे. पुढचं टोक पलीकडच्या टेबलावर टेकलं की भार तिकडे न्यायचा. हात पात्यांवरून जायचाच नाही, तिथे आला की उचलायचा आणि पलीकडे ठेवायचा. हातभरापेक्षा आखूड तुकडा मशीनवर चढवायचा नाही, कुणी देव येऊन सांगितलं तरी. मशीन बंद केलं म्हणजे रूळ थांबला असं नव्हे, तो आपल्या मनाने थांबेपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं. ती हे सगळं घोकून शिकली. बारक्याला घोकावं लागलं नाही. त्याच्याकडे नजर होती. दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून बाबा त्या खिडकीसमोर धरायचे; कडा सरळ असतील तर मधून उजेड दिसत नाही. बाबा चष्मा पुसून म्हणायचे, ठीक आहे, आणि सोळा वर्षांचा बारक्या लांबूनच म्हणायचा, उजव्या टोकाला दिसतोय. बाबा परत बघायचे. दिसत असायचा, केसाएवढा. तिला तेव्हा त्याचा हेवा वाटायचा, आणि आता या वयात ते कबूल करायला काही हरकत नव्हती.

बावीस वर्षांपूर्वीचा तो दिवस. बाबा एका घरी दरवाजे बसवायला गेले होते. ती सव्वीस वर्षांची होती आणि बाबांच्या पाठीमागे कारखाना तिच्या हातात असायचा. सकाळपासून ती खिडक्यांच्या चौकटींना काचेसाठी खाच मारत होती. ही खाच याच मशीनवर निघते, पण त्यासाठी पात्यांवरचं झाकण काढावं लागतं, नाहीतर चौकट पुढे जातच नाही. तिने स्क्रू सैल केला, झाकण उचललं आणि खिडकीच्या कट्ट्यावर सरसाच्या डब्यामागे ठेवलं. खाचा झाल्या. बाजूची उभी पट्टी तिने परत जागेवर आणली, गुण्या लावून काटकोन बघितला, टेबल वर घेतलं. आता झाकण, असं मनात म्हटलंही. हे तिला पक्कं आठवत होतं, की म्हटलं होतं. तेवढ्यात बाहेर सरस लावून ठेवलेल्या दाराच्या फळ्या सरकायला लागल्याचं दिसलं, आणि सरस काही थांबत नाही, म्हणून ती पळाली. शिकंजे आवळत होती. बारक्या जेवून आला, तिला हसून काहीतरी म्हणाला, काय ते मेलं आजपर्यंत आठवलं नाही, आणि आत गेला. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. खणाच्या दांड्यासाठी वीतभर तुकडा घेतला होता त्याने, वीतभर. तुकडा पात्यांनी मागे फेकला तेव्हा आवाज बदलला. हा आवाज ती वर्गात तोंडाने काढून दाखवायची, आणि तुकडीतलं कुणी ना कुणी दर वेळी दचकायचं. मधलं आणि त्याच्या शेजारचं, उजव्या हाताची दोन बोटं, मुळापासून. तिने टॉवेल गुंडाळला, शेजारच्याने गाडी काढली. इस्पितळात बारक्या पांढराफटक पडून एकच सांगत होता, आखूड तुकडा घेतला मी, ताई, आखूड घेतला, चुकलं माझं.

त्याला आत नेल्यावर ती कारखाना बंद करायला परत आली. दुपारच होती, चांगलं ऊन होतं. दार सताड उघडं होतं. तिने आधी फरशी धुतली. मग मशीनची टेबलं पुसली, पात्यांच्या फटीतून भुसा काढला, हत्यारं भिंतीवर लावली. बाबांची शिस्तच होती, जायच्या आधी प्रत्येक वस्तू जागेवर. त्या शिस्तीत तिने सरसाच्या डब्यामागून झाकण उचललं, मशीनवर बसवलं आणि स्क्रू आवळला. तीन फेरे, चौथा अर्धा. त्या वेळी तिच्या मनात काय होतं? बावीस वर्षांत हा एक प्रश्न तिने स्वतःला इतक्या तऱ्हांनी विचारला होता आणि इतक्या तऱ्हांनी टाळला होता की उत्तर गुळगुळीत होऊन गेलं होतं. काहीच नव्हतं मनात, सवयीने हात चालले, असं ती बरीच वर्षं म्हणत आली. पण मग चौथा अर्धा फेरा झाल्यावर ती दाराकडे का वळून बघत होती? तिने वळून बघितलं होतं. रस्त्यावरून कुणी जात होतं का, ते बघितलं होतं. त्यानंतर अर्ध्या तासाने बाबा आले, हातातली पिशवीही खाली न ठेवता मशीनपाशी गेले, झाकण एका बोटाने ढकललं, ते स्प्रिंगने परत आलं. बाबा म्हणाले, झाकण असून बोटं घातली गाढवाने. ती शेजारी उभी होती. अजून वेळ होती. बाबा, झाकण नव्हतं, एवढे तीन शब्द. बाबांनी तिला मारलं नसतं, फार तर महिनाभर बोलले नसते.

बारक्याने सुरुवातीला एकदोनदा म्हणून बघितलं. हाताला पट्ट्या असताना, खाटेवर बसल्या बसल्या. मला झाकण दिसलंच नाही हो बाबा, मला तर पाती उघडी दिसली. बाबा म्हणाले, दिसलं नाही म्हणजे काय, होतं की डोळ्यांसमोर. तुझं लक्ष कुठे होतं? मग बारक्या गप्प झाला, आणि पुढच्या वेळी म्हणाला की असेल, माझंच लक्ष नसेल. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. बाबा त्याला वेंधळ्या म्हणायला लागले, आधी रागाने, मग सवयीने, आणि शेवटी शेवटी मायेने. ते मायेचं वेंधळ्या ऐकायला सगळ्यात वाईट होतं. घरात त्याची थट्टाच होऊन बसली. किल्ली सापडत नाही, विचारा वेंधळ्याला. दूध उतू गेलं, वेंधळा उभा असेल शेगडीपाशी. तोही हसायचा. कारखान्यात तो परत आला नाही. डाव्या हाताने लिहायला शिकला आणि एका शाळेच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या कामाला लागला. लग्न झालं, मुलगी झाली. गाडी शिकला नाही. घरातला विजेचा दिवा बदलायचा तर बायकोला बोलवायचा. वाचनालयात दिलेलं पुस्तक नोंदवहीत दोनदा लिहायचा आणि तिसऱ्यांदा बघायचा. आणि ती? ती बाबांच्या पश्चात त्यांचंच मशीन घेऊन सुतारकाम शिकवायला लागली, सावधपणाची बाई म्हणून नाव झालं, वीस वर्षांत तिच्या वर्गात कुणाला साधं खरचटलं नाही. गोष्ट सांगून सांगून तिच्या डोळ्यांसमोरचं चित्रही बदललं होतं. आता तो दिवस आठवला की त्यात मशीनवर झाकण दिसायचं. लोखंडी, हिरव्या रंगाचं, कडेला टवका उडालेलं. आपण जे खोटं बोललो ते आपल्याच डोळ्यांना दिसायला लागावं, याला काय म्हणायचं.

त्या संध्याकाळी घरी ती आईशेजारी बसून शेंगा सोलत होती. आई आता ऐंशीच्या पुढे, कानाने थोडी मंद, पण हात चालू. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, बारक्या लहानपणापासून असाच वेंधळा होता का गं? आईने सोलणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. छे, म्हणाली, लहानपणी फार नीटस पोर. माझी सुई हरवली की मी त्यालाच हाक मारायचे, फरशीवर एकदा नजर फिरवली की हा उचलून द्यायचा. ते बोटं गेल्यानंतरचं सगळं. आणि आई पुन्हा सोलायला लागली, जणू काही कपड्याचा रंग गेला असं सांगितलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. बोटं गेली हे तिने मनात कधीचं स्वीकारलं होतं. दोन माणसांच्या दोन चुका, एक त्याची आखूड तुकड्याची, एक तिची झाकणाची, असा हिशेब तिने स्वतःपुरता लावलाही होता. फळ्या जोडताना सुतार एक लबाडी करतात. बाजूची पट्टी काटकोनात नसेल तर एक फळी तोंड आत करून काढायची, दुसरी बाहेर करून. दोन्ही कडा तिरक्याच, पण एक इकडे आणि एक तिकडे, म्हणून जोड सपाट बसतो. तिने स्वतःची अशीच समजूत घातली होती. पण बोटं जाणं वेगळं आणि हे वेगळं. बोटं गेली त्यात दोघांचा हात होता. नजर गेली ती मात्र तिने एकटीने घालवली, तीन फेरे आणि अर्धा.

तरीही ती गप्पच राहिली असती. माणूस राहतोच, बावीस वर्षं राहिली तशी आणखी वीस. पण बुधवारी ती वर्गात शिरली तेव्हा मशीन सुरू होतं आणि बसगाडीचे ड्रायव्हर, वर्गातले सगळ्यात उत्साही, एक लांब फळी चढवत होते. फळी छान धरली होती, भार बरोबर पलीकडे नेत होते, आवाजही स्वच्छ होता. फक्त त्यांच्या डाव्या हाताच्या पुढे, जिथे हिरवं झाकण असायला हवं, तिथे पात्यांचा रूळ उघडा चमकत होता. ती ओरडली नाही. सुरू मशीनपाशी ओरडलं की माणूस दचकतो, आणि दचकला की हात कुठेही जातो, हे तीच तर शिकवायची. ती चालत गेली, फळी पूर्ण पार होईपर्यंत थांबली आणि मग बटण बंद केलं. रूळ थांबायला बारा सेकंद लागतात. तिने ते बारा सेकंद मोजले, कारण आणखी काही करण्याइतकी ती भानावर नव्हती. ड्रायव्हर जरा ओशाळले. झाकण फळीला अडत होतं, म्हणाले, म्हणून काढून ठेवलं, आणि नर्सबाईंच्या वहीत बघितलं मी, तुम्हीच सांगितलंय ना की त्याचा तितकासा उपयोग नाही. झाकण खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं होतं. तिने ते उचललं, बसवलं, स्क्रू आवळला, आणि स्क्रूचा आटा दोनदा चुकला. मग तिने सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं की परवा मी चूक सांगितलं. त्या दिवशी झाकण नव्हतं. ते मी काढलं होतं आणि परत बसवायचं राहिलं होतं, ते असतं तर माझ्या भावाची फार तर कातडी सोलली असती. नर्सबाईंनी वही उघडली, ते वाक्य शांतपणे खोडलं आणि तिच्याकडे बघून विचारलं, "भावाला माहीत आहे?"

गुरुवारी बारक्या यायचाच. वाचनालय चारला सुटायचं, तो घरी जाताना तिच्या कार्यशाळेपाशी थांबायचा, दाराबाहेरच्या बाकावर बसून दोघं चहा प्यायची. आत तो कधी येत नसे. ती कधी म्हणत नसे. त्या दिवशी ती बाकावर आधीच येऊन बसली होती. त्याने चहाचा पेला डाव्या हातात घेतला, शाळेतल्या कुठल्याशा मास्तरांची गंमत सांगायला लागला, आणि तिने त्याला मधेच तोडलं. रात्रभर जुळवलेल्या वाक्यांतलं ऐन वेळी एकही आठवलं नाही.

"बारक्या, त्या दिवशी मशीनवर झाकण नव्हतं."

त्याला आधी कळलंच नाही. मग तिने सगळं सांगितलं, खाचा, सरसाचा डबा, सरकणाऱ्या फळ्या, तो इस्पितळात असताना तिने परत येऊन झाकण बसवलं ते, बाबा शेजारी उभे असताना ती गप्प राहिली ते. दाराकडे वळून बघितलं होतं, तेही सांगितलं. ती रडत नव्हती. रडायला आपल्याला तोंड नाही असं तिला वाटत होतं. आणि एवढं सगळं धडपणे सांगून झाल्यावर, काही गरज नसताना, तिच्या तोंडून निघून गेलं की तुकडा आखूड होता हेही खरंच आहे. निघताक्षणी तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

"तुकड्याचं मी कबूल केलं होतं, ताई," तो म्हणाला. "त्याच दिवशी केलं होतं."

तो रागावला नाही. राग आला असता तर ती त्याच्या रागापुढे मान खाली घालून बसली असती, ते तिला जमलं असतं. पेला त्याने बाकावर ठेवला. दोन बोटं नसलेला उजवा हात मांडीवर उताणा ठेवून तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला, आणि बराच वेळ त्याचे ओठ नुसते हलत होते, काहीतरी जुळवून बघत असल्यासारखे. मग त्याने विचारलं की खिडकीत डब्याच्या डावीकडे का उजवीकडे. मागे, ती म्हणाली. हो, मागेच असणार, तो म्हणाला, म्हणून आत येताना दिसलं नाही.

"म्हणजे पाती उघडीच होती. मला दिसलं ते बरोबर दिसलं होतं."

"बरोबर दिसलं होतं," ती म्हणाली.

आणि मग तो बोलायला लागला, तिच्याशी असं नाही, आपलं हळूहळू, एकेक आठवून. त्या खाटेवर त्याने ठरवलं होतं की आपल्या डोळ्यांना समोरचं दिसत नाही. एवढी मोठी लोखंडी वस्तू दिसली नाही, तर मग आणखी काय काय दिसत नसेल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो तीनदा जाऊन आला होता, कुणाला न सांगता. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. त्यामुळे तो जास्तच घाबरला, कारण मग बिघाड डोळ्यांत नसून आणखी आत कुठेतरी होता. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. ती दर गुरुवारी त्याच्या शेजारी बसली होती आणि तिला काहीही माहीत नव्हतं.

"पोरीचा हात धरून मी कधी रस्ता ओलांडला नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. गाडी येत असेल आणि मला दिसायचीच नाही, असं वाटायचं. शाळेत सोडायला तिची आईच जायची. पोरगी विचारायची, बाबा का येत नाहीत. आता अठराची झाली. आता ओलांडताना ती माझा हात धरते."

तिने त्याचा हात धरायला हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला. मला क्षमा कर, असं म्हणायचं होतं, पण ते म्हटलं असतं तर त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि त्याच्याकडून आणखी काही मागायचा हक्क तिला उरला नव्हता. तो उठला. पिशवी खांद्याला लावली. दारातून आत, मशीनच्या दिशेने त्याने एकदा पाहिलं, फार वेळ नाही. पुढच्या गुरुवारी येईन की नाही ते आज सांगता येत नाही, म्हणाला, आणि ते त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की तिला नुसती मान हलवता आली. आईला मात्र तू सांग, म्हणाला, ती अजून मला वेंधळ्या म्हणते.

ती दारात उभी राहून त्याला जाताना बघत होती. कोपऱ्यावर त्याला पलीकडे जायचं होतं. रस्ता रिकामा होता, दोन्ही बाजूंना पार लांबपर्यंत एक सायकलही नव्हती, चांगला उजेड होता. तो कडेला थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. एक पाय खाली टाकला आणि परत वर घेतला. तिला हाक मारावीशी वाटली, जा, काही नाही येत, पण कुठल्या तोंडाने सांगणार होती ती त्याला, समोर काय आहे आणि काय नाही ते. तो तसाच उभा होता, मान इकडून तिकडे वळवत. शेवटी भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई आल्या, त्यांनी एकदा बघितलं आणि चालायला लागल्या, आणि तो त्यांच्या मागोमाग गेला.